तळाचा जुना खडक वरच्या गाळाची जागा कशी ठरवतो : मुंबई हायच्या उदाहरणासह सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे : बेसिनच्या (गाळ साचत गेलेल्या मोठ्या खोलगट प्रदेशाच्या) तळाशी असलेले जुने खडक नंतर साचणाऱ्या गाळाची जागा, जाडी आणि जात कशी ठरवतात, आणि सेस्मिक रेषा (जमिनीत लहरी पाठवून मिळवलेले थरांचे उभे छेद) व विहिरींच्या माहितीतून हे ओळखायचे कसे?

थोडक्यात सांगायचे तर जुना खडक चार वाटांनी काम करतो. त्याचा उंचसखलपणा, त्यातले जुने फॉल्ट (खडक तुटून सरकलेल्या भेगा), वजनाखाली तो किती दबतो, आणि तो झिजून कोणता गाळ देतो. ही यादी बहुतेकांना पाठ असते. निसटते ते एवढेच, की या चारही गोष्टींचा जोर एकाच काळात नसतो. आज नकाशावर दिसणारा उंचवटा गाळ साचत होता तेव्हाही उंचवटा होता का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर संरचनेच्या नकाशात नसते, थरांच्या जाडीत असते. जाडीचे नकाशे न काढता केलेला बेसिनचा अभ्यास माझ्या मते अर्धाच असतो.

उदाहरण म्हणून मुंबईसमोरच्या समुद्राखालचे मुंबई ऑफशोअर बेसिन घेऊ. उत्तरेला सौराष्ट्र-दीव, दक्षिणेला वेंगुर्ला आर्च (खडकाचा रुंद उंचवटा), पूर्वेला कोकणातला डेक्कन ट्रॅप (लाव्हाचा बेसाल्ट) आणि पश्चिमेला शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेचा बेसमेंटचा, म्हणजे तळाच्या जुन्या खडकाचा, कणा, अशी त्याची चौकट. तळाशी प्रीकॅम्ब्रियन ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट, फिलाइट आणि त्यांवर ठिकठिकाणी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट. या बेसमेंटला तीन जुन्या दिशा आहेत : किनाऱ्याला साधारण समांतर असलेली उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय धारवाड दिशा, ईशान्य-नैर्ऋत्य अरवली दिशा आणि पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य सातपुडा दिशा. पश्चिम किनाऱ्यालगतच्या रिफ्ट (कवच ताणून फाटल्याने झालेल्या) बेसिन या दिशांवरच घडल्या, ही मांडणी भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी 1980 च्या दशकात केली आणि ती आजही कामाला येते.

रिफ्टिंगच्या वेळी कवच साधारण पूर्व-पश्चिम ताणले जात होते. त्या ताणाला जवळजवळ आडवे असलेले धारवाड दिशेचे जुने फॉल्ट सहज उघडले आणि त्यांच्यावर खोलगट पट्टे घसरले. सातपुडा दिशेचे फॉल्ट ताणाच्या रोखाने पडलेले असल्यामुळे उघडण्यापेक्षा ते बेसिनचे आडवे तुकडे पाडणारे ठरले. म्हणून या शेल्फवर सलग एक खड्डा सापडत नाही. उत्तरेला सुरतचे डिप्रेशन, मध्यभागी पन्ना-बसई-हीरा ब्लॉक, त्याच्या पश्चिमेला मुंबई हाय हा तेलसाठ्याचा उंचवटा, दक्षिणेला रत्नागिरी ब्लॉक, आणि यांच्या अधूनमधून माहीम, मुरूड, विजयदुर्गसारखे अरुंद ग्राबेन (फॉल्टांमध्ये खचलेले पट्टे). जुना फॉल्ट नकाशावर आहे म्हणून तो पुन्हा हललाच असे धरून चालू नये. त्याची दिशा नव्या ताणाशी जुळते का हे आधी बघावे, आणि हलल्याचा पुरावा जाडीत शोधावा. फॉल्टच्या खाली गेलेल्या बाजूची जाडी भागिले वर राहिलेल्या बाजूची जाडी, हे गुणोत्तर प्रत्येक थरासाठी काढावे. ते 1 च्या आसपास असेल तर तो थर साचताना फॉल्ट शांत होता. 1.5 किंवा 2 आले तर फॉल्ट हलत होता आणि खड्डा भरत होता. खालून वर ही गुणोत्तरे लिहीत गेलात की फॉल्टचे आयुष्य समोर येते.

आता उंचसखलपणाकडे. पॅलिओसीन ते सुरुवातीच्या इओसीन या कालखंडांतले पन्ना फॉर्मेशन (थरांचा गट) हे या बेसिनमधले पहिले खरे भरण. शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक), क्लेस्टोन, कोळशाचे पातळ थर, मधूनमधून वाळू, आणि तळाशी बेसाल्टच्या चुऱ्याचा ट्रॅप वॉश. हे सगळे आधी खोलगट भागात बसले. ग्राबेनमध्ये ते जाड आहे, उंचवट्यांच्या उतारांवर पातळ होत जाते, आणि मुंबई हायच्या माथ्यावर नाहीच किंवा नावापुरतेच आहे. याचा परिणाम दुहेरी आहे. तेल तयार करणारे सेंद्रिय शेल खोलगट भागात बंदिस्त, कमी प्राणवायूच्या जागी साचले आणि नंतर पुरेसे खोल गाडले गेल्यामुळे शिजले. तयार झालेले तेल चढाने सरकत त्याच उंचवट्यांकडे गेले.

पुढची उलथापालथ मात्र नवख्याला चकवते. गाळ वाळू-चिखलाचा असतो तेव्हा उंचवटा म्हणजे पातळ थर. पण पाणी स्वच्छ झाले आणि चुनखडीचे दिवस आले की तोच उंचवटा चांगला थर घडवणारी जागा होतो. कॅल्शियम कार्बोनेट बनवणाऱ्या जीवांना उजेड आणि चिखलविरहित पाणी लागते, आणि ही दोन्ही उथळ माथ्यावर मिळतात. मुंबई हायवर समुद्र टप्प्याटप्प्याने चढला. सुरुवातीच्या मायोसीनमध्ये तिथे जी चुनखडी बसली तीच आजची एल-3, या क्षेत्राचा मुख्य तेलसाठा, सध्या सुमारे 1,300 ते 1,400 मीटर खोलीवर. ती एकसंध शिळा नाही, चुनखडीच्या थरांमध्ये शेलच्या पातळ पट्ट्या आहेत. समुद्र थोडा जरी उतरला तरी उथळ माथा उघडा पडे, पावसाचे पाणी मुरे आणि चुनखडी आतून विरघळे. तिथली बरीचशी सच्छिद्रता या विरघळण्यातून आलेली आहे. म्हणजे साठ्याची गुणवत्तासुद्धा शेवटी तळच्या बेसमेंटच्या उंचीने ठरवली. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने इथे तेल शोधले ते या चुनखडीच्या भरवशावर, पण पुढे खालच्या भेगाळ बेसमेंटमधूनही तेल मिळाले. माथ्यावर मधले, तेल अडवणारे शेल पातळ किंवा गायब असले की तेल थेट जुन्या खडकाच्या भेगांत शिरू शकते.

गाळ कुठून येतो हेही जुना खडकच ठरवतो. बेसाल्ट झिजला तर क्वार्ट्झची वाळू मिळत नाही, कारण त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. मिळते ती फुगणारी स्मेक्टाइट माती, क्लोराइट आणि लोहयुक्त चुरा. स्वच्छ क्वार्ट्झ वाळू हवी असेल तर जवळपास ग्रॅनाइट-नाइस उघडे असावे लागतात. पन्नाच्या तळाची चांगली वाळू शोधताना म्हणून आधी पाहावे, की शेजारच्या उंचवट्यावर त्या काळी ट्रॅप शिल्लक होता की झिजून ग्रॅनाइट बाहेर आला होता. प्रादेशिक पातळीवर सह्याद्रीचे उदाहरण बोलके आहे. गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे 80 किलोमीटरवर उगम पावते आणि उलट दिशेने बंगालच्या उपसागराला जाते. ट्रॅपच्या पठाराचा कल पूर्वेकडे असल्यामुळे कोकणाच्या वाट्याला छोट्या नद्याच येतात. परिणामी रत्नागिरीसमोरच्या शेल्फवर चिखल कमी आणि चुनखडी भरपूर. उत्तरेला नर्मदा-तापी जुन्या फॉल्टच्या पट्ट्यांतून वाहत सुरतच्या डिप्रेशनमध्ये गाळ ओततात, म्हणून तिथे ऑलिगोसीन ते मायोसीनमध्ये त्रिभुज प्रदेशाची वाळू आणि शेल आहेत. एकाच शेल्फवर, एकाच काळात, दोन वेगळे संसार. मध्य मायोसीननंतर चिखलाचा पुरवठा इतका वाढला की चुनखडी जवळपास सगळीकडे गुदमरली आणि वर चिंचिणी फॉर्मेशनचे जाड शेल बसले.

आता सर्वात महत्त्वाचे काम. रेषेवर एक उंचवटा दिसतोय. तो कोणत्या जातीचा आहे? जाती चार, आणि प्रत्येकीची खूण निराळी.

पहिली, वारशाने मिळालेला उंचवटा, म्हणजे गाळ येण्याआधीच खडक उंच होता. थर एकमेकांना समांतर राहून उतारावर येऊन थांबतात, एकेक वरचा थर थोडा अधिक वर चढून थांबतो. याला ऑनलॅप म्हणतात. दुसरी, गाळ साचत असतानाच उचलला जाणारा उंचवटा. यात थर सहसा थांबत नाहीत, माथ्याकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात आणि मधूनमधून माथ्यावर छोट्या विसंगती (झिजेमुळे किंवा गाळ न बसल्यामुळे पडलेले खंड) दिसतात. तिसरी, नंतर उचललेला उंचवटा. माथ्यावरही थराची जाडी शेजारइतकीच असते, कधी जास्तही असते, कारण तिथे पूर्वी खड्डा होता. वरच्या बाजूला मात्र थर कापलेले दिसतात. तापी-दमण पट्ट्यात जुन्या खड्ड्यांवर नंतर दाब येऊन उचलल्या गेलेल्या अशा संरचना आहेत. तिथे “उंचवटा आहे, म्हणून वाळू पातळ असेल” हे अनुमान पूर्ण चुकते. चौथी, नुसती दबल्यामुळे आलेली घडी : बाजूंचा चिखल दबला, मधला कठीण खडक दबला नाही. हिची खूण म्हणजे घडीची उंची वर जाताना हळूहळू कमी होत जाते आणि तिच्याखाली कुठेतरी दगडाचा गाभा सापडतोच.

प्रत्यक्षात एकाच जागी यातल्या दोन-तीन जाती एकावर एक चढलेल्या असतात. मुंबई हायचा माथा आधी वारशाने उंच, पूर्वेला मोठ्या फॉल्टने तोडलेला, पश्चिमेला मंद उताराचा, आणि त्यावर दबण्याची भर. म्हणून निदान थराथराने करायचे, संपूर्ण संरचनेला एकच नाव द्यायचे नाही.

दबण्याचा परिणाम किती मोठा असतो हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. चिखल साचतो तेव्हा त्यात पाणी निम्म्याहून अधिक असते. नेहमीचे सूत्र असे की खोलीबरोबर सच्छिद्रता घातांकी दराने घटते. शेलसाठी पृष्ठभागावर 0.63 आणि घटण्याचा गुणांक दर किलोमीटरला 0.51, वाळूसाठी 0.49 आणि 0.27 हे सर्रास वापरले जाणारे आकडे. समजा बेसमेंटचा उंचवटा 300 मीटर उंच आहे. बाजूंना 300 मीटर चिखल साचून तो माथ्याच्या पातळीला आला आणि त्यावर एक थर अगदी सपाट पसरला. त्या 300 मीटर चिखलात घन भाग फक्त 125 मीटरच्या आसपास. आता वर 2,000 मीटर गाळ आला की त्या 300 मीटरचे साधारण 160 मीटर उरतात. सपाट पसरलेला थर बाजूंना 140 मीटर खाली गेला आणि माथ्यावर घडी उभी राहिली, तीही एकाही फॉल्टची हालचाल न होता. गादीखाली दगड ठेवून वर बसल्यासारखे. बाजूंना चिखलाऐवजी वाळू असती तर 300 चे सुमारे 220 मीटर उरले असते आणि घडी 80 मीटरचीच झाली असती. तळ सारखा, भरण वेगळे, म्हणून घडी वेगळी. शिवाय दबणे चालू असताना बाजूंना नवी जागा तयार होत राहते, त्यामुळे पुढचे थरही माथ्यावर पातळ बसतात. जुना खडक पूर्ण झाकला गेल्यावरही कोट्यवधी वर्षे त्याची छाप वर उमटत राहते ती या मार्गाने.

याच कारणासाठी आजची जाडी थेट वापरून जुना उंचसखलपणा मोजू नये. आधी थर सुटे करून, वरचे वजन काढून मूळ जाडी काढावी. वजनाचा हिशेबही लक्षात ठेवावा : 1 किलोमीटर खोल पाण्याची जागा गाळाने भरली, तर कवच खाली दबत गेल्यामुळे तिथे सुमारे 2.3 किलोमीटर गाळ मावतो. यात गाळाची घनता 2.3, प्रावरणाची 3.3 आणि पाण्याची 1.03 धरली आहे. म्हणूनच सुरत डिप्रेशनमध्ये पाच किलोमीटरहून जाड गाळ आहे आणि मुंबई हायच्या माथ्यावर बेसमेंटपर्यंत जेमतेम दोन किलोमीटर. सुरुवातीचा फरक एवढा प्रचंड नव्हता, गाळाच्या वजनाने तो वाढवला.

आता कामात चुका कुठे होतात ते. पहिली चूक वेगाची. माथ्यावर चुनखडी जाड आणि बाजूंना शेल असेल तर माथ्याखालचा हॉरायझन (एका थराचे परावर्तन) वेळेच्या सेक्शनवर (खोलीऐवजी लहरीच्या जाण्या-येण्याच्या वेळेत काढलेल्या छेदावर) खोटा उचललेला दिसतो. 200 मीटर शेलच्या जागी 200 मीटर चुनखडी आहे, शेलचा वेग सेकंदाला 3,000 मीटर, चुनखडीचा 4,500. जाऊन-येऊन 44 मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे शेलच्या वेगाने सुमारे 67 मीटरचा उंचवटा, जो अस्तित्वातच नाही. बेसमेंटचा नकाशा खोलीत न बदलता लहरीच्या वेळेतच सोडून दिला की असे उंचवटे विहिरीच्या प्रस्तावापर्यंत पोहोचतात.

दुसरी चूक ऑनलॅपच्या टोकाची. वेग 3,000 आणि वारंवारिता 30 हर्ट्झ असेल तर तरंगलांबी 100 मीटर, आणि सुटा दिसणारा सर्वात पातळ थर तिच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे 25 मीटर. 2 अंशांच्या उतारावर पातळ होत जाणारी वाळू 25 मीटरवर दिसेनाशी होते, पण प्रत्यक्षात ती आणखी सुमारे 700 मीटर वर चढलेली असते. उतार 1 अंशाचा असेल तर हे अंतर 1,400 मीटरच्या पुढे जाते. पन्नाच्या वाळूची हद्द दिसेल तिथेच आखणारा माणूस पट्ट्याची सर्वात उंच, म्हणजे बहुधा सर्वात कामाची कड, नकाशाबाहेर टाकतो.

तिसरी चूक सेक्शन सपाट करून पाहताना होते. एखादा हॉरायझन ओढून सपाट केला की खालची त्या वेळची रचना दिसते, हे खरे, पण तो हॉरायझन मुळात सपाट साचलेला हवा. चुनखडीच्या उंच वाढलेल्या थराचा माथा त्यासाठी निवडला, तर तिची स्वतःची उंची खालच्या थरांवर उलटी छापली जाते आणि तिथे नसलेला खड्डा दिसू लागतो. शांत पाण्यातला, दूरवर एकसारखा पसरलेला शेलचा हॉरायझन घ्यावा.

चौथी गोष्ट खास आपल्या भागाची. ट्रॅपचा माथा सेस्मिकवर इतका ठळक उमटतो की त्यालाच बेसमेंट म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. बेसाल्टमधून ऊर्जा नीट खाली जात नाही, बरीचशी परत फिरते आणि थरांमध्ये उड्या मारून खोटे परावर्तन तयार करते. सौराष्ट्र आणि कच्छच्या बाजूला ट्रॅपखाली त्याहून जुना, मेसोझोइक गाळ असू शकतो, म्हणजे ज्याला तळ म्हणतोय ते मधले झाकण ठरू शकते. तिथे कमी वारंवारितेचा स्रोत, लांब केबल आणि मल्टिपल (हीच खोटी परावर्तने) काढण्याचे काळजीपूर्वक प्रोसेसिंग लागते, आणि सोबत गुरुत्व व चुंबकीय माहिती. गुरुत्वावर एकट्यावर विसंबू नये : बेसाल्टची घनता 2.8 ते 2.9, ग्रॅनाइटची 2.65 ते 2.7, त्यामुळे पातळ गाळावरचा जाड बेसाल्ट आणि उथळ बेसमेंट हे दोन्ही जवळपास सारखी विसंगती देऊ शकतात.

विहिरीत ट्रॅप वॉश हा मोठा फसवा प्रकार. कटिंग्जमध्ये (खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात) बेसाल्टचे तुकडे दिसले की ट्रॅप लागला असे समजून खोदकाम थांबवले जाते आणि खाली उरलेला पन्नाचा भाग पाहायचाच राहतो. तुकडे बारकाईने पाहावेत. ट्रॅप वॉशमध्ये कडा घासलेल्या असतात, निरनिराळ्या रंगांचे आणि झिजेचे तुकडे एकाच नमुन्यात असतात आणि मध्ये तपकिरी-हिरवट मातीचे बंधन दिसते. खऱ्या ट्रॅपमध्ये तुकडे ताजे, धारदार, एकजिनसी, झिओलाइट भरलेल्या पोकळ्यांसह येतात आणि ड्रिलिंगचा वेग एकदम पडतो. गामा लॉग (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराची विहिरीतली नोंद) इथे मदत करत नाही. बेसाल्ट, चुनखडी आणि स्वच्छ वाळू, तिघांचाही गामा कमी असतो. घनता पाहावी : घट्ट चुनखडी 2.71, ताजा बेसाल्ट 2.8 च्या पुढे. झिजलेल्या ट्रॅपमध्ये मातीत बांधलेल्या पाण्यामुळे न्यूट्रॉन लॉग खोटी मोठी सच्छिद्रता दाखवतो, ती खरी धरून साठा मोजला की आकडे फुगतात. याच स्मेक्टाइटमुळे भोक आवळते आणि बिटला माती चिकटते, म्हणून पोटॅशियम क्लोराइडचा मड (खोदताना विहिरीत फिरवला जाणारा द्रव) वापरायची तयारी आधीच ठेवावी. उलट माथ्यावरच्या विरघळलेल्या चुनखडीत मड अचानक गायब होतो. तिथे मडचे वजन कमीत कमी ठेवून, गळती थांबवणारे साहित्य हाताशी घेऊन उतरावे.

माथ्यावरच्या विहिरीत थर गायब आहे म्हणजे तो साचलाच नाही की साचून झिजला, हे सेस्मिक एकटे सांगू शकत नाही. फोरॅमिनिफेरा (सूक्ष्म सागरी जीवाश्म) तपासून कोणते कालखंड नाहीत ते काढावे आणि उतारावरच्या विहिरीशी ताडून पाहावे. गायब कालखंड उतारावरून माथ्याकडे हळूहळू वाढत जात असेल तर ऑनलॅप. एकदम मोठा तुकडा नाही आणि त्याच्यावर झिजेचा चुरा आहे, तर झीज. नमुने शक्य तर साइडवॉल कोअरचे (विहिरीच्या भिंतीतून काढलेले) घ्यावेत, कारण कटिंग्जमध्ये वरून ढासळलेले जीवाश्म मिसळतात आणि खालचा थर आहे त्यापेक्षा नवा वाटू लागतो.

जमिनीवर हीच गोष्ट बघायची असेल तर पूर्णेचे खोरे आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेचा गाळ डेक्कन ट्रॅपच्या खचलेल्या तळावर बसला आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा फॉल्ट, म्हणून गाळाची जाडी दोन्ही बाजूंना सारखी नाही. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जाते आणि पायथ्याजवळ शेकडो मीटर भरते. पायथ्याला गोटे-भरड वाळू, मध्यभागी बारीक चिकणमाती, आणि त्या मातीत अडकून निचरा न झालेले खारे पाणी, म्हणजेच खारपाणपट्टा. इथे बोअरची खोली ठरवताना शेजारच्या गावाचा आकडा उचलू नये. दक्षिण-उत्तर रेषेवर विद्युत रोधाचे वाचन घेऊन ट्रॅपचा तळ कुठे आहे ते काढावे. मात्र खारे पाणी भरलेली माती आणि चिकणमाती या दोन्हींचा रोध कमीच येतो, त्यामुळे वाचन किमान एका जुन्या बोअरच्या नोंदीशी जुळवल्याशिवाय गोड्या थराची जागा नक्की करू नये.